एका गावाची खतावणी: जॉन पिंचन आणि स्प्रिंगफील्ड

सतराव्या शतकातल्या काही हिशेबाच्या वह्या अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड या गावात अजून जपून ठेवल्या आहेत. वहीत एकेका गावकऱ्याचं खातं. नावे बाजूला त्याने दुकानातून काय नेलं ते लिहिलेलं: कापड, मीठ, खिळे, सुऱ्या. जमा बाजूला ते कसं फेडलं ते: गहू, वाटाणे, डुकराचं मांस, कुरणातलं गवत कापायचे काही दिवस, बैलगाडीच्या काही खेपा. वह्यांच्या मालकाचं नाव जॉन पिंचन. गावात सगळ्यांत जास्त जमीन त्याची. धान्य दळायचं ते त्याच्याच पाणचक्कीवर. भांडण झालं तर निवाड्याला बसणारा तोच, आणि लढाईची वेळ आली की गावची पलटणही त्याच्याच हुकमतीत.

इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींविषयी आपण शाळेत थोडंफार वाचतो. धर्मासाठी देश सोडलेली साधी माणसं, त्यांची छोटी गावं, गावसभेत हात वर करून घेतलेले निर्णय. हे चित्र खोटं नाही. पण त्याच गावात असा एक पिंचनही असू शकतो, आणि गावसभा भरत असतानाच निम्मं गाव त्याचं देणेकरी असू शकतं, हे त्या चित्रात दिसत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच गावात एकाच वेळी कशा नांदत होत्या ते समजून घ्यायचं, तर पिंचनच्या आयुष्यासारखी दुसरी वाट मला माहीत नाही.

सुरुवात बापापासून करावी लागते. विल्यम पिंचन हा इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला, बऱ्या परिस्थितीतला जमीनमालक. मॅसॅच्युसेट्स वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या सनदेत त्याचं नाव होतं. १६३० साली वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्या ताफ्याबरोबर तो बायकामुलांसह मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला उतरला. जॉन तेव्हा जेमतेम चार वर्षांचा असेल. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत त्याची आई वारली.

विल्यमचं लक्ष शेतीपेक्षा बीव्हरवर होतं. बीव्हर म्हणजे नदीनाल्यांवर लाकडांचे बांध घालणारा, दाट लोकरीचा एक प्राणी. त्याच्या लोकरीपासून युरोपात उंची टोप्या बनत आणि कातड्याला भाव फार चांगला येई. बोस्टनच्या आसपासचे बीव्हर लवकरच संपत आले, म्हणून विल्यमने पश्चिमेकडे सुमारे १४५ किलोमीटरवर, कनेटिकट नदीच्या काठी जागा हेरली. त्या भागाचं मूळ नाव अगवाम. जागेची निवड अचूक होती. तिथून थोडं खाली नदीला धबधबे आहेत, त्यामुळे समुद्रातून येणारी गलबतं तिथेच अडत. वरच्या खोऱ्यातून येणारं कातडं प्रथम त्याच्या दारात येणार होतं आणि मगच बाकीच्यांच्या हाती पडणार होतं. हीच जागा पुढे स्प्रिंगफील्ड झाली. विल्यमच्या इंग्लंडमधल्या गावाचं नावही तेच होतं.

जमीन मिळाली कशी? १५ जुलै १६३६ चं खरेदीखत उपलब्ध आहे. तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे अगवाम लोकांना, मोबदला म्हणून अठरा वाव वाम्पम, अठरा डगले, अठरा कुऱ्हाडी, अठरा कुदळी आणि अठरा सुऱ्या दिल्या गेल्या. वाम्पम म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांपासून घासून केलेले पांढरे आणि जांभळे मणी. ते दोऱ्यात ओवून वावावर, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या लांबीवर, मोजत. मूळ रहिवाशांसाठी या मण्यांना मानाचा, कराराचा, दुःख वाटून घेण्याचा अर्थ होता. इंग्रजांनी त्यांचं चलन केलं. खतावर ज्यांच्या खुणा आहेत किंवा ज्यांचा उल्लेख आहे त्यांत बायकांचीही नावं येतात, कारण पेरणीच्या जमिनीवर त्यांचा हक्क होता. खतात आणखी एक कलम आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं: आपली लागवडीची जमीन त्यांनी स्वतःकडे ठेवली, शिवाय मासे धरायचा, हरणांची शिकार करायचा, अक्रोड, ओकची फळं आणि कंद गोळा करायचा हक्कही. म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे ते नव्या लोकांना आपल्या भूमीत सामील करून घेत होते. विल्यमच्या दृष्टीने ती जमीन त्याने विकत घेतली होती. एकाच कागदावर दोन वेगळे करार झाले, आणि त्या फरकाची किंमत चाळीस वर्षांनी वसूल झाली.

आता गाव कसं वसवत ते पाहू. नदीला समांतर एक रस्ता. रस्त्यावरून थेट नदीपर्यंत उतरणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्या, प्रत्येक कुटुंबाला एकेक, घरासाठी आणि परसासाठी. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच रांगेत ओलं कुरण, त्यामागे लाकूडफाट्याचं रान. पेरणीची जमीन काहींना नदीपलीकडे. उरलेली सगळी गावाची सामायिक. बसवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं की चाळीस कुटुंबं घ्यायची, फार तर पन्नास. बाहेरच्या माणसाला परस्पर जमीन विकता येत नसे. आधी गावाने त्याला 'आपला' म्हणून स्वीकारावं लागे.

वाटप समान मात्र नव्हतं. ज्याची ऐपत जास्त, ज्याने गाव बसवायला पैसा जास्त घातला, त्याचा पट्टा रुंद. तेव्हाच्या लोकांना यात अन्याय दिसत नसे. माणसांमध्ये वरखालीपणा देवानेच ठेवला आहे अशी त्यांची धारणा होती. रविवारी प्रार्थनाघरात कोणी कुठल्या बाकावर बसायचं हेसुद्धा एक समिती वय, मालमत्ता आणि मान पाहून ठरवी आणि तशा याद्या गावाच्या दप्तरात नोंदवल्या जात.

गावाच्या कारभाराचं मूळ गावसभेत होतं. ती वर्षातून काही वेळा भरे, न येणाऱ्याला दंड होई. तीच पंच निवडी. स्प्रिंगफील्डमध्ये १६४४ पासून पाच पंचांची पद्धत पडली. मग बाकीची कामं: दप्तर लिहिणारा कारकून, समन्स बजावणारा आणि कर गोळा करणारा कॉन्स्टेबल, रस्त्यांची देखरेख करणारे, वजनंमापं तपासणारे. माझ्या दृष्टीने यांतलं सगळ्यांत बोलकं काम कुंपण तपासणाऱ्यांचं आहे. पेरणीच्या मोठ्या शेताला सगळ्यांचं मिळून एक कुंपण असे आणि आपापल्या हिश्श्याचा तुकडा प्रत्येकाने धड ठेवायचा. एकाचा तुकडा पडला तर सगळ्यांच्या पिकात गुरं शिरणार. म्हणून दोन माणसं वसंतात फिरून कुंपणं पाहत आणि ढिलाई करणाऱ्याला दंड लावत. तसंच डुकरांचं. मोकाट डुकराच्या नाकात कडी आणि गळ्यात जोखड हवं, नाहीतर मालकाला दंड. सुटलेल्या जनावरांसाठी कोंडवाडा होताच.

या कामांना पगार जवळपास नसे, पण नकार दिला तर दंड भरावा लागे. त्यामुळे गावातला बहुतेक प्रत्येक घरमालक कधी ना कधी कुठल्या तरी कामावर असायचा. गावकारभाराची ही खरीखुरी शाळा होती आणि तिला मी कमी लेखणार नाही. पण ही गावाची अधिकारपदं झाली. त्यांच्या वर वसाहतीच्या सरकारने नेमलेला मॅजिस्ट्रेट असे, आणि ते पद गावसभेच्या हातात नव्हतं. स्प्रिंगफील्डमध्ये ते पिंचन घराण्याकडे होतं.

जॉनकडे हे सगळं वयाच्या पंचविशी-सव्विशीतच आलं, आणि तेही एका संकटातून. विल्यम पिंचनला धर्मशास्त्राची आवड होती. ख्रिस्ताने माणसांच्या पापांसाठी नरकयातना भोगल्या हे मत त्याला पटत नव्हतं. ख्रिस्ताच्या आज्ञाधारकपणामुळेच मोक्षाचं मोल चुकतं झालं, असं त्याने एका पुस्तकात मांडलं. १६५० च्या ऑक्टोबरमध्ये ते लंडनहून बोस्टनला पोहोचलं आणि तिथल्या सरकारने ते बाजारात जाळायचा हुकूम काढला. त्याच सुमारास गावात चेटकाचं प्रकरण उफाळलं होतं. मेरी आणि ह्यू पार्सन्स या नवराबायकोवर संशय. साक्षी लिहून घेणारा मॅजिस्ट्रेट विल्यमच. चेटकाच्या आरोपातून दोघेही सुटले, पण स्वतःच्या बाळाचा खून केल्याबद्दल मेरीला दोषी धरलं गेलं. पुस्तकाबद्दल माफी मागावी म्हणून सरकारचा रेटा वाढत होता. विल्यमने मालमत्ता मुलाच्या नावे केली आणि १६५२ मध्ये तो कायमचा इंग्लंडला परतला. बरोबर एक जावईही गेला.

जॉन मागे राहिला. कनेटिकट वसाहतीचे माजी गव्हर्नर जॉर्ज विलिस यांच्या मुलीशी, एमीशी, त्याचं १६४५ मध्ये लग्न झालं होतं. १६५२ मध्येच निवाड्याचा अधिकार तिघांकडे मिळून आला: जॉन पिंचन, त्याचा मेव्हणा एलिझर होल्योक, आणि चर्चचा डीकन, म्हणजे तिथला एक पदाधिकारी, सॅम्युएल चेपिन. (चेपिनचा म्हणून घडवलेला पुतळा स्प्रिंगफील्डमध्ये १८८७ पासून उभा आहे. टोकदार टोपी, हातात जाड काठी, काखेत बायबल.) घराण्याच्या बाहेरचा असा तिघांत चेपिन एकटाच.

आता पुन्हा वहीकडे येतो, कारण खरी सत्ता तिथेच होती.

त्या खोऱ्यात नाणं जवळजवळ नव्हतं. इंग्लंडहून नाणी येत नसत आणि आली तरी परदेशी मालाच्या बदल्यात परत जात. लोक व्यवहार करत गव्हात, वाटाण्यात, मक्यात, मांसात. शेतकऱ्याकडे धान्य वर्षातून एकदा हाती येतं. खिळे, मीठ, कापड त्याला वर्षभर लागतं. मधल्या काळात उधारी देणारं कोणीतरी हवं. शिवाय ते धान्य धबधब्याच्या खाली गाडीने नेऊन, होडीत भरून, समुद्रमार्गे बोस्टनला पोहोचवून विकायची ताकदही कोणाकडे तरी हवी. गाडी, गोदाम, होडी, बोस्टनमधली ओळख, लंडनमधली पत, हे सगळं असलेला माणूस त्या भागात एकच होता. म्हणून गाव त्याच्याकडे उधार घेई आणि पुढच्या पिकातून, नाहीतर अंगमेहनतीतून फेडी. लोक त्याचं कुरण कापत, गाड्या हाकत, धान्य झोडपत. काही घरांमध्ये वाम्पमचे सुटे मणी दोऱ्यात ओवायचं कामही तो देई आणि त्याची मजुरी खात्यावर जमा करी.

जमिनीचंही तसंच. सुरुवातीच्या वाटपात ज्यांना जमीन मिळाली ते सुखी. पण नंतर आलेला तरुण, नोकरीची मुदत संपवून मोकळा झालेला गडी, किंवा थोरल्या भावामागे जन्मलेला धाकटा, यांच्याकडे कसण्याजोगी जमीन नसे. पिंचनकडे भरपूर होती. तो ती खंडाने देई. अटी साधारण अशा की कुळाने रान साफ करायचं, कुंपण घालायचं, कोठार किंवा घर बांधायचं, कर भरायचा आणि शिवाय खंड म्हणून गहू-वाटाणे द्यायचे. मुदत संपली की घर, कोठार, कुंपण मालकाचं. कसणाऱ्याच्या घामाने जंगलाचं शेत होई आणि त्या शेताची वाढलेली किंमत पिंचनच्या पदरात पडे. काही जण यातूनच वर आले, स्वतःची जमीन घेऊन बसले. काहींची उधारी वाढत गेली, जमीन तारण पडली आणि शेवटी पिंचनच्या नावावर चढली.

हे लुबाडणं होतं का? मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. पिंचन देणी वर्षानुवर्षं थकू देई, लगेच कोर्टात खेचत नसे. दुष्काळात धान्य देई. त्याच्याशिवाय त्या गावाचा बोस्टनशी व्यवहार चाललाच नसता. पण उधारी थकू देणारा धनी लोकांना जास्त काळ बांधून ठेवतो हेही खरं. ज्याच्या वहीत आपलं नाव नावे बाजूला आहे, त्याच्याविरुद्ध गावसभेत हात वर करायला छाती लागते. आणि फिर्याद झालीच, तर ती लिहून घेणाऱ्या तिघांत तो स्वतः किंवा त्याचा मेव्हणा. गावात माणसं कमी असल्यामुळे ज्यूरीसुद्धा सुरुवातीला बाराऐवजी सहाचीच असे. त्या सहांपैकी किती जणांचं खातं पिंचनकडे नसेल?

तरी गाव मुकं नव्हतं. पंच गावकरीच निवडत, आणि पिंचनला पाणचक्की बांधायची तर जमीन गावाकडूनच मागून घ्यावी लागे. तो चक्की चालवणार, गाव त्याला जमीन देणार, असा सौदा होई. तो मोठा होता, पण त्या मोठेपणाची प्रत्येक पायरी गावाच्या दप्तरात ठरावाने नोंदली जात होती. सरदार आणि रयत यांच्या नात्यापेक्षा हे वेगळं होतं. तिथे करार होता, फक्त करार करणाऱ्या दोन बाजू सारख्या ताकदीच्या नव्हत्या.

वहीत मूळ रहिवाशांचीही खाती होती, आणि तिथे हा फरक जिवावर आला. बीव्हर आणून देईन या बोलीवर ते डगले, कापड, वाम्पम उधार नेत. पिंचनने हजारो कातडी इंग्लंडला धाडली. १६६० च्या दशकात बीव्हर संपत आले. १६६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सने वाम्पमला कायदेशीर चलन मानणं बंद केलं. आता उधारी फेडायला उरलं काय? जमीन. नॉरवॉटक लोकांचा एक प्रमुख उंपांचेला याचं खातं पिंचनच्या वहीत आहे. त्याने नेलेल्या डगल्यांची, कापडाची बेरीज वावावावाने वाढत जाते आणि अखेर नदीकाठची जमीन त्या बेरजेपोटी हातची जाते. ती जमीन पुढे हॅडली या नव्या गावाच्या वाट्याला आली. त्याआधी १६५३ मध्ये नॉर्थॅम्प्टनसाठी जमीन घेतली तेव्हा किंमत होती शंभर वाव वाम्पम, दहा डगले, आणि विकणाऱ्यांना नदीच्या पूर्वेला सोळा एकर नांगरून देण्याचं वचन. नांगरटीचं हे कलम वाचताना थांबायला होतं. ते लोक तिथून निघून जायचं ठरवून विकत नव्हते. शेजारी राहून पेरणी करायची या हिशेबाने ते खत करत होते.

नॉर्थॅम्प्टन, हॅडली, वेस्टफील्ड, डिअरफील्ड, सफील्ड, एनफील्ड: खोऱ्यातल्या एकेका नव्या गावाच्या जन्मात पिंचनचा हात आहे. कुठे तो समितीवर, कुठे जमीन खरेदी करून नंतर गावाकडून वसूल करणारा. १६६२ मध्ये खोऱ्यातल्या गावांची मिळून हॅम्पशर काउंटी (जिल्हा) झाली, तेव्हा तिच्या न्यायालयाचा प्रमुखही तोच. १६६५ पासून तो बोस्टनमध्ये वसाहतीच्या वरिष्ठ मंडळावर निवडून जाऊ लागला. शेजारच्या न्यूयॉर्क वसाहतीतल्या आल्बनीला जाऊन मोहॉक या मूळ रहिवाशांशी बोलणी करायची तरी सरकार त्यालाच पाठवी. १६६० मध्ये त्याने विटांचं घर बांधलं. आजूबाजूला सगळी लाकडी घरं. लोक त्याला किल्लाच म्हणत.

आणि किल्ल्यासारखा त्याचा उपयोग झाला. १६७५ च्या उन्हाळ्यात वाम्पनोआग लोकांचा प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज किंग फिलिप म्हणत, त्याचं युद्ध पेटलं आणि कनेटिकट खोऱ्यापर्यंत आलं. पिंचन या भागातल्या फौजेचा प्रमुख होता. तो लढवय्या नव्हता. गावांमध्ये शिबंदी ठेवावी असं त्याचं म्हणणं, तर वरून हुकूम असा की सगळे सैनिक मैदानात शत्रूचा पाठलाग करायला काढा. ४ ऑक्टोबरला तो स्प्रिंगफील्डचे सैनिक घेऊन हॅडलीला गेला. त्याच रात्री नदीच्या खालच्या अंगाच्या विंडसर गावातून टोटो नावाच्या एका मूळ रहिवाशाकडून बातमी फुटली: अगवामच्या गढीत बाहेरचे लढवय्ये आले आहेत, स्प्रिंगफील्डवर हल्ला होणार. स्वार धावले, लोक मजबूत घरांमध्ये शिरले. ५ ऑक्टोबरला पिंचन सुमारे दोनशे माणसं घेऊन धावत परत आला, तोवर तीसेक घरं आणि पंचवीसच्या आसपास कोठारं जळून गेली होती. त्याच्या चक्क्याही जळाल्या. कुळांना दिलेली घरं, भरलेलं धान्य, सगळं गेलं. विटांचं घर तेवढं उभं राहिलं.

इंग्रजांना धक्का बसला तो हल्ला करणाऱ्यांत चाळीस वर्षांचे शेजारी असल्याचा. पण मागची खाती वाचली की ही गोष्ट एका रात्रीत घडलेली वाटत नाही. ज्या नदीत मासे धरायचा हक्क कागदावर राखला होता, तिच्या काठची जमीन एकेका खतात सरकत गेली होती. इंग्रजांनी त्यांची मुलंमाणसं ओलीस धरली होती. पिंचनला हे कितपत कळलं असेल? त्याला त्यात देवाचा कोप दिसला. सेनापतिपद काढून घ्या, मला हे झेपत नाही, अशी विनंती त्याने सरकारकडे केली, आणि ते सॅम्युएल अ‍ॅपलटन या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेलं. गाव सोडून द्यावं का याचाही विचार चालू होता. लोक राहिले, पिंचनही राहिला. धान्य, उधारी आणि खंड यांचं चक्र त्याने पुन्हा सुरू केलं.

उतारवयात त्याच्या पदांना तडा गेला. १६८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने न्यू इंग्लंडच्या वसाहती एकत्र करून एडमंड अँड्रॉस या गव्हर्नरच्या हाती दिल्या. गावसभा वर्षातून एकदाच भरवायची, जमिनीच्या जुन्या हक्कांची नव्याने सनद घ्यायची, असे हुकूम निघाले. पिंचन अँड्रॉसच्या सल्लागार मंडळात बसला. जो माणूस आयुष्यभर वरच्या सरकारचा आणि गावाचा दुवा होता, त्याला हे साहजिकच वाटलं असावं. पण १६८९ च्या एप्रिलमध्ये बोस्टनने उठाव करून अँड्रॉसला कैदेत टाकलं, तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी पिंचनकडेही त्याच नजरेने पाहिलं. काही काळ त्याचे लष्करी हुकूम पाळले जाईनात. वहीतली उधारी तीच होती, पण लोकांची मान्यता वेगळी वस्तू आहे, आणि ती त्या वर्षी खात्यातून वजा झाली. पुढे पदं परत मिळाली. एवढी वर्षं कारभार केलेला दुसरा माणूस काउंटीत नव्हता.

त्याच्या घरात गुलाम होते हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. रोको आणि त्याची बायको स्यू हे दोघं आफ्रिकी वंशाचे. १६९५ मध्ये रोकोने पिंचनशी सौदा केला: स्वतःच्या आणि बायकोच्या सुटकेबद्दल पंचवीस पिंपं स्वच्छ टर्पेंटाईन आणि एकवीस पिंपं डांबर द्यायचं. गावाच्या पूर्वेला पाइन वृक्षांचं मोठं रान होतं. झाडाच्या खोडाला खाच पाडायची, पाझरणारा राळेसारखा चीक भांड्यात धरायचा, मुळ्या आणि लाकूड मंद जाळून डांबर काढायचं, असं ते काम. एक पिंप चाळीस गॅलनचं. हिशेब पिंचनचा नेहमीचाच, नावे आणि जमा. फक्त इथे नावे बाजूला दोन माणसं होती.

१७ जानेवारी १७०३ ला जॉन पिंचन वारला. जुन्या कागदांत हे साल १७०२ दिसतं, कारण तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. नॉर्थॅम्प्टनचे धर्मोपदेशक सॉलोमन स्टॉडर्ड यांनी अंत्यविधीचं प्रवचन दिलं. उपयोगी माणसं जातात तेव्हा देव नाराज आहे असं समजावं, हा त्याचा विषय होता. मागे राहिली ती मैलोगणती जमीन आणि वह्यांमधली येणी. रोकड थोडी. जमीन विकायला गिऱ्हाईक नव्हतं आणि येण्यांपैकी बरीच वसूल होणारी नव्हती. मुलाच्या हाती इस्टेट आली खरी, पण बापाची पत त्याच्याबरोबरच गेली होती. विटांचं घर १८३१ मध्ये पाडलं. आत कोणत्या खोलीत वह्या असत ते आता दाखवता येणार नाही, पण वह्या आहेत, आणि त्यांतली कितीतरी खाती कधीच मिटवलेली नाहीत.